रानात राहिलेली दोन मुलं

टाना फ्रेंच यांची ‘इन द वुड्स’ ही कादंबरी २००७ साली आली. लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. पुढच्या वर्षी तिला पदार्पणातल्या सर्वोत्तम रहस्यकादंबरीचा एडगर पुरस्कार मिळाला. तेव्हापासून तिच्या वाचकांत जे भांडण जुंपलं आहे, ते अजून मिटलेलं नाही.

डब्लिनजवळची नॉकनारी ही कल्पित वसाहत. १९८४ च्या उन्हाळ्यात बारा वर्षांची तीन मुलं शेजारच्या रानात खेळायला जातात आणि परत येत नाहीत. रात्री शोधाशोध होते तेव्हा एकटा अ‍ॅडम सापडतो. तो झाडाला पाठ लावून उभा असतो, नखं सालीत रुतलेली, बूट रक्ताने भिजलेले, टी-शर्ट पाठीवर फाटलेला. त्याला काहीच आठवत नाही. जेमी आणि पीटर यांचा पुढे कधीच पत्ता लागत नाही. वीस वर्षांनी हाच अ‍ॅडम रॉब रायन या नावाने खुनांचा तपास करणाऱ्या पोलीस पथकात असतो. त्या रानालगत पुरातत्त्वाचं उत्खनन चाललेलं असतं, तिथे केटी डेव्हलिन या बारा वर्षांच्या मुलीचा मृतदेह मिळतो. आपण कोण आहोत हे वरिष्ठांपासून लपवून रॉब तो तपास हाती घेतो. खरं काय ते फक्त त्याच्या सहकारी कॅसी मॅडॉक्सला माहीत असतं.

केटीला कोणी मारलं, हे शेवटी कळतं. जेमी आणि पीटरचं काय झालं, हे कळत नाही. अर्धवट इशारा नाही, दोन शक्यतांतली एक निवडा असंही नाही. पुस्तक संपतं आणि १९८४ जिथे होतं तिथेच राहतं.

यावर वाचक चिडले. चारशेहून अधिक पानं वाचून घेतली आणि शेवटी हात वर केले, ही फसवणूक आहे, असं म्हणणारे वाचक मला आजही भेटतात. काहींनी पुन्हा पहिल्यापासून वाचून खुणा गोळा केल्या आणि आपापली उत्तरं रचली. कोणी म्हणतं रॉबनेच काहीतरी केलं असेल, तर कोणी म्हणतं त्या रानात माणसाहून जुनं असं काहीतरी वस्तीला होतं. पुढच्या वर्षी फ्रेंच यांची ‘द लाइकनेस’ ही कादंबरी आली, तेव्हा अनेकांनी ती याच एका आशेने उघडली. तिची निवेदक कॅसी आहे, आणि तिच्याकडेही ते उत्तर नाही.

चिडलेल्या वाचकाला बालिश ठरवून मोकळं होणारे समीक्षक मला पटत नाहीत. त्याची बाजू भक्कम आहे. रक्ताने भिजलेले बूट, फाटलेला शर्ट, आणि केटीच्या मृतदेहाजवळ मिळालेली जेमीच्या केसांतली पीन या निव्वळ वातावरणनिर्मितीच्या गोष्टी नाहीत. रहस्यकथेत असली वस्तू समोर ठेवणं म्हणजे वाचकाला दिलेला शब्द असतो. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेल्या मराठी वाचकालाही हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. फ्रेंच यांनी तो दिला आणि मोडला, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

तरीही या रागातली एक गोष्ट मला बरीच वर्षं अस्वस्थ करत आली आहे. खुनी कोण ते मी इथे सांगणार नाही, पण केटीच्या प्रकरणाचा शेवट कसा होतो ते सांगावंच लागेल. तिच्या मृत्यूमागची खरी सूत्रं हलवणारी व्यक्ती कोण, हे कळतं आणि ती व्यक्ती कायद्याच्या हातून सुटते. का सुटते, तर रॉबने तपासायला हवी होती अशी एक साधी बाब त्याने तपासलीच नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवू नये त्याच्यावर तो विश्वास ठेवून बसला आणि जिच्यावर ठेवायला हवा होता त्या कॅसीला त्याने दूर लोटलं. बारा वर्षांच्या मुलीला न्याय मिळत नाही, आणि तो का मिळत नाही हे आपल्याला पानोपानी दाखवलेलं असतं. त्याबद्दल चिडलेला वाचक मला क्वचितच भेटला. जो तो जेमी आणि पीटरबद्दल विचारतो. केटीचं उत्तर मिळालेलं असतं ना, मग ती फाइल आपल्यापुरती बंद झालेली असते.

रहस्यकथेने आपल्याला लावलेली ही सवय फार खोल आहे. उत्तर मिळालं की न्याय झाला असं आपण धरून चालतो, कारण बहुतेक पुस्तकांत दोन्ही एकाच पानावर येतात. सगळे एका खोलीत जमतात, नाव उच्चारलं जातं, बेड्या पडतात. फ्रेंच यांनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एका गुन्ह्यात उत्तर दिलं, न्याय नाकारला. दुसऱ्यात उत्तरच नाकारलं. आपल्याला जास्त काय झोंबतं हे त्यामुळे उघडं पडलं.

ही फारकत त्यांच्या आधी फ्रिडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाने १९५८ मध्ये केली होती. एका चित्रपटासाठी त्यांनी मुलींच्या खुन्याची गोष्ट लिहिली. पडद्यावर खुनी सापडतो. तो शेवट त्यांना पुरेसा वाटला नाही, म्हणून तीच गोष्ट त्यांनी ‘दास फरश्प्रेखेन’ या कादंबरीत नव्याने मांडली. इथे मात्थेई हा अधिकारी अचूक तर्क करतो, पेट्रोल पंप चालवत रस्त्यावर पाळत ठेवतो, आणि खुनी येतच नाही, कारण तिकडे येताना तो मोटार अपघातात मेलेला असतो. वाचकाला हे शेवटी कळतं. मात्थेईपर्यंत ते पोचतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. वाट पाहण्यात त्याचं सगळं आयुष्य नासून गेलेलं असतं. ड्युरेनमाटने निदान वाचकावर दया केली. फ्रेंच तीही करत नाहीत. रॉबला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला, आणि म्हणून त्यांचा शेवट मला जास्त प्रामाणिक वाटतो.

प्रामाणिक हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. शेवटाकडे रॉब त्या रानात एकटा रात्र काढायला जातो. आठवणी परत यायला लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी तो घाबरून पळ काढतो. त्यानंतर तो कॅसीशी जे वागतो त्यातही हाच पळ आहे. माणसाला प्रश्न विचारून खरं बाहेर काढणं हा त्याचा व्यवसाय, आणि स्वतःपुढे तो प्रश्न टिकू देत नाही. १९८४ चं उत्तर लेखिकेने कुठे कुलपात ठेवलेलं नाही. ज्याच्याकडे ते असू शकलं असतं, त्याच्या हातून ते निसटलं. आपला राग खरं तर या माणसावर असायला हवा. कॅसीचा आहेच.

आयर्लंडच्या वाचकाला या रिकाम्या जागेचा अर्थ आणखी वेगळा लागत असणार. १९८६ मध्ये डब्लिनच्या एका उपनगरात दुपारी जेवून शाळेकडे निघालेला तेरा वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचं दप्तर एका बोळात मिळालं, मुलगा मिळाला नाही. नव्वदच्या दशकात देशाच्या पूर्व भागात बऱ्याच स्त्रिया बेपत्ता झाल्या, आणि त्यांचा माग काढायला १९९८ मध्ये पोलिसांना खास पथक नेमावं लागलं. कादंबरी आली तेव्हा तारा या पुरातन अवशेषांच्या टेकडीजवळून जाणाऱ्या एम-३ महामार्गावरून देश भांडत होता. तो रस्ता २०१० मध्ये खुला झाला. कादंबरीतलं उत्खननही अशाच महामार्गाच्या घाईत चाललेलं असतं, आणि अखेरीस रानही त्याच रस्त्याखाली जायचं असतं. जेमी आणि पीटरचा काही मागमूस जमिनीत असेलच, तर तो शोधायची जागाच उरणार नाही.

मग कधीतरी फ्रेंच यांनी ते उत्तर लिहून टाकावं का? इथे ऑस्ट्रेलियाच्या जोन लिंडसे यांची ‘पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक’ आठवते. १९६७ च्या या कादंबरीत सहलीला गेलेल्या शाळकरी मुली आणि एक शिक्षिका खडकांत नाहीशा होतात. उलगड्याचं शेवटचं प्रकरण लेखिकेने लिहिलं होतं, पण छापण्याआधी ते काढलं गेलं. लिंडसे यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये, ते प्रसिद्ध झालं. त्यात काळ थबकतो, कड्यावरून फेकलेले कॉर्सेट हवेत तरंगत राहतात. त्या उलगड्याने कादंबरीची जागा घेतली नाही. लोक अजूनही पहिलंच पुस्तक वाचतात, प्रश्नासकट.

म्हणून मला वाटतं, फ्रेंच यांनी लिहू नये. वाचकांनी मात्र विचारत राहावं, आणि जेमी आणि पीटरच्या जोडीला केटीचंही नाव घ्यावं. रानात त्या दिवशी अमुक एक माणूस आला होता, एवढी एक ओळ शेवटच्या पानावर असती, तर आपल्यापैकी बहुतेकांनी समाधानाने पुस्तक मिटलं असतं आणि केटीचा गुन्हेगार मोकळा फिरतोय हे आपल्या लक्षातही राहिलं नसतं.