बेटावरची कसोटी

कुंभकोणमच्या उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार वाहते. मधले हे गाव जणू बेटच. प्रलयाच्या पुरात वाहत आलेला अमृतकुंभ येथे टेकला, अशी या क्षेत्राची कथा आहे. पूर, तरंगत आलेला कुंभ आणि अनोळखी किनारा यांचा विचार करताना शेक्सपिअरच्या 'टेंपेस्ट'ची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहत नाही. नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या आपणां सर्वांना त्या नाटकातला प्रश्नही जवळचा आहे. परका मुलूख माणसाला बदलतो, की तो मुळात असतो तसा उघडा करतो?

नाटकातले बेट एकच. पण वृद्ध गोन्झालोला तेथले गवत हिरवेगार दिसते आणि अँटोनियोला तीच जमीन करपलेली दिसते. राजा झोपी गेलेला पाहताच अँटोनियो राजाच्या भावास खुनाची फूस देतो. ही विद्या त्याला बेटाने शिकविली नाही. बारा वर्षांपूर्वी मिलानमध्ये सख्ख्या भावाचे राज्य त्याने असेच बळकावले होते. राजपुत्र फर्डिनंड निमूटपणे ओंडके वाहतो, तर दारूच्या धुंदीत खानसामा राजा होऊ पाहतो. जादूने कोणाच्या अंगी नवा गुण घातला नाही की दुर्गुण. घरी वडीलधाऱ्यांचा धाक आणि जनलज्जा यांचे कुंपण माणसाभोवती असते. बेटाने तेवढे काढून घेतले.

तथापि खरी कसोटी वाहून आलेल्यांची नव्हे, बेटाच्या धन्याची आहे. प्रॉस्परोच्या हाती सारे शत्रू सापडले आहेत आणि त्याला अडविणारे कोणी नाही. वायुरूप एरियल त्या कैद्यांची दशा सांगतो, तेव्हा प्रॉस्परो सूड सोडतो आणि जादूची कांडी मोडण्याचे ठरवितो. मात्र ज्या कॅलिबनने त्याला गोड्या पाण्याचे झरे दाखविले, त्याला याच धन्याने पुढे गुलाम केले. कॅलिबनचा अपराध घडला होता हे खरे. पण त्याची कैफियत ऐकून न्याय करणारा तिसरा कोणी बेटावर नव्हता. जेथे अधिकारी हाच फिर्यादी आणि हाच न्यायाधीश, तेथे त्याचे शील झाकून राहत नाही.

सत्ता खाली ठेवण्याचा प्रसंग याच कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेल्या सर टी. माधवरावांवरही आला. तंजावरकडील मराठी घराण्यातले हे गृहस्थ १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. सयाजीराव महाराज तेव्हा अल्पवयीन होते. राज्याचा सारा कारभार दिवाणांकडे होता. १८८१ च्या अखेरीस महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले आणि पुढल्याच वर्षी माधवराव पदावरून दूर झाले. राज्य दुसऱ्याचे आहे आणि आपण ते सांभाळून परत द्यावयाचे आहे, हेच अशा पदाचे स्वरूप होय.

आपली पदे लहान असतील. पण प्रत्येक बदलीचे गाव हे असेच एक बेट असते. तेथली जमीन आपणांस हिरवी दिसते की करपलेली, आणि तेथे ज्याने प्रथम पाण्याची वाट दाखविली त्याच्याशी आपण कसे वागतो, एवढे पाहिले तरी स्वतःची पुरेशी ओळख पटेल, असे आम्हांस वाटते.