डायनामोचं वय

रोह्याच्या मित्राकडे वडिलांची 1965ची ॲम्बॅसिडर आहे, मार्क टू. (कुर्ल्याची फियाट सोडून बंगालातली गाडी का घेतली, हा त्यांच्या घरातला जुना वाद.) ती मुळात होती तशी करायची म्हणून डायनामो आणि कटआउट पिशवीत घालून आम्ही नागोठणे-वडखळवरून पेणला एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो.

"पॉलिश पेपर लावलात का? लावू नका, आकडे जातात." त्यांनी रॉकेलचं फडकं हळूहळू फिरवलं. काजळीखालून ठोकलेले आकडे वर आले : नंबर, 12 व्होल्ट, महिना आणि साल. लुकासच्या जुन्या मालाची ही खूण. 1961 साली मद्रासला लुकास-टीव्हीएस निघाली आणि असा माल इथेच होऊ लागला.

कटआउटवर 3-65. गाडी त्याच वर्षीच्या दिवाळीतली. "बरोबर आहे," काका म्हणाले. भाग गाडीपेक्षा थोडा मोठाच हवा, गोदामात पडून मग गाडीत बसतो. धाकटा निघाला की समजायचं, मागाहून बसवलाय.

डायनामोवर 5-71 होतं.

मित्राचा चेहरा उतरला. चोरबाजारात 65चा शोधू, म्हणाला. मग एकदम थांबला. एकदा गणपतीच्या आदल्या दिवशी पेणहून मूर्ती नेताना वडखळच्या पुढे दिवे पिवळे, मग लाल होत विझले होते. आई मूर्ती मांडीवर घेऊन पावसात तासन्‌तास गाडीतच बसली होती. तो तेव्हा पहिलीत होता. हिशेब केला, 71च.

वायरिंगबद्दल माझा काही आग्रह नाही. कोणीतरी स्वस्तात सगळी लाल वायर ओढली आहे, ती खुशाल काढावी आणि लुकासच्या रंगांनी नवी टाकावी : बॅटरीची तपकिरी, इग्निशनची पांढरी, फ्यूजपुढची हिरवी, अर्थची काळी. त्या लाल वायरीला चिकटलेली आठवण कुणाकडेच नाही. पण 65चा डायनामो आणला तर साल जुळेल, आणि तो असेल दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा. मी तसं म्हटलं. मित्र गप्प.

काकांनी तोवर डायनामोला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. तो मोटारीसारखा फिरतो का, हे बघायची ही सोपी रीत. आधी नुसता हुंकार. पुलीला बोटाने धक्का दिला तसा फिरू लागला, जळक्या धुळीचा वास आला.

"ब्रश संपलेत फक्त," काका म्हणाले.

मित्राने खिशात हात घातला. "किती होतील?"