बिनकागदाची कपात

ताडकळसमध्ये कामगार कपात होत नाही, कारण कपात करायला इथे कारखानाच नाही. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. बाजार समिती आहे, पोलीस ठाणं आहे, आजूबाजूच्या खेड्यांची वर्दळ आहे. मोंढ्यात सोयाबीन, कापूस, तूर. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे म्हणजे शिक्षक, तलाठी, पोलीस, बँकेतले कर्मचारी. त्यांच्या पगाराला मंदी शिवत नाही. तरीही चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यांत काम उतरलं की गावाला ते वर्तमानपत्राच्या आधी कळतं. एरवी पोळ्याला-दिवाळीला दिसणारी पोरं आडदिवशी पारावर दिसू लागतात.

"कधी आलास रे?"

"परवा."

"मग जायचं कधी?"

"बघू, ठेकेदाराचा फोन आला की."

आई विचारणाऱ्याला सांगते, सुट्टीवर आलाय. मुलगा लग्नाचा असेल तर हमखास सांगते. 'पुण्याला कंपनीत' हे बायोडाटातलं वाक्य तिला काहीही करून टिकवायचं असतं, कारण दोन एकर कोरडवाहूवर आज कुणी मुलगी देत नाही. पोरगा स्वतःही काढून टाकलं असं म्हणत नाही. 'ब्रेक दिलाय' म्हणतो.

हा ब्रेक काय असतो ते आकड्यातच पाहावं. नियम मूळ 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला. एका वर्षात 240 दिवस काम भरलं की कामगाराची सेवा सलग धरली जाते, आणि मग त्याला कमी करायचं तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. 240 दिवस म्हणजे आठ महिने. आणि ब्रेक मिळतो बहुधा सातव्या महिन्यात! ठेकेदार बदलतो, गेटपास बदलतो, मशीन तेच राहतं, माणूसही पुष्कळदा तोच परत येतो. चांगल्या दिवसांत हा ब्रेक पंधरा-वीस दिवसांचा असतो. मंदीत तो संपतच नाही. कुणी कुणाला काढलेलं नसतं, फक्त फोन आलेला नसतो.

2019 साली वाहन उद्योग घसरला तेव्हा मोठ्या कंपन्यांनी 'नो प्रॉडक्शन डे' जाहीर केले आणि त्याच्या बातम्या झाल्या. कायम कामगारांचे बुडालेले दिवस मोजले गेले, त्यांच्या युनियनची पत्रकं निघाली. त्याच शॉपवरच्या हेल्पर, ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मात्र आधीच्याच महिन्यात गावाकडच्या गाडीत बसवलेलं होतं. तळेगावच्या जनरल मोटर्सचं उदाहरण घ्या. डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, पुढच्या एप्रिलमध्ये हजाराहून जास्त कामगारांना ले-ऑफ दिला गेला. ते कामगार कोर्टात गेले आणि वर्षानुवर्षं भांडले. त्यांचं दुःख हलकं करायचं नाही, पण भांडायला त्यांच्या हातात नेमणुकीचा कागद होता. अशा कारखान्याभोवती सुट्या भागांचे, कँटीनचे, लोडिंगचे जे ठेके असतात, त्यांतली माणसं कोणत्या कोर्टाची पायरी चढणार? शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनं ती मर्यादा तीनशेवर नेली. त्यावर पुष्कळ वाद झाला. ताडकळसच्या पोरांना त्या वादात रस नव्हता, कारण ती शंभरातही नव्हती आणि तीनशेतही नाहीत.

मग ही पोरं सरकारी हिशेबात असतात कुठे? शेतात. गावी आल्यावर पोरगा रिकामा बसत नाही. बापासोबत फवारणीला जातो, सोयाबीनच्या राशीला उभा राहतो. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही आपल्या श्रमबल सर्वेक्षणात रोजगारात धरला जातो. 2018-19 मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी 42.5 टक्के शेतीत होते. 2020-21 मध्ये ते 46.5 टक्के झाले, आणि 2023-24 पर्यंत तरी 45 च्या खाली आले नाहीत. शेतीला एवढे हात लागावेत असं त्या दोन वर्षांत काय घडलं होतं? जमीन काही वाढली नाही. उलट कापणीला हार्वेस्टर आला, मळणीयंत्र तर आधीपासूनच होतं. दोन माणसांच्या कामाला चार माणसं लागली आणि चौघंही कामावर आहेत असं नोंदलं गेलं. बेरोजगारीचा आकडा सावरला तो असा.

कोरोनाच्या वर्षी शहरातल्या लिहित्या मंडळींना गावाचं भारी कौतुक सुचलं होतं. शेवटी गावच सांभाळून घेतं, वगैरे. मला त्या कौतुकाचा तेव्हाही राग आला होता. गाव सांभाळतं म्हणजे कोण सांभाळतं? पोरगा महिन्याला जे चार-पाच हजार पाठवत होता ते थांबतात, शिवाय ताटावर एक माणूस वाढतं. किराणा दुकानदार उधारीची वही लांबवतो. मोटारसायकलचा हप्ता थकतो, बचत गटातलं आईचं कर्ज पुढे ढकललं जातं. ज्या दुकानदाराची वसुली थांबली, तो आपल्याकडच्या गड्याला म्हणतो, दिवाळीनंतर ये. कपातीची ही पुढची पायरी, आणि तिची नोंद तर कोणीच घेत नाही. शेजारच्या पूर्णेनं हे जुन्या काळी पाहिलंय. मीटरगेज गेली, वाफेची इंजिनं गेली, तसा तिथल्या रेल्वे वस्तीचा बहर ओसरला. रेल्वेच्या माणसाला बदली मिळते. बाजारपेठेला बदली नसते.

जुन्या सालगड्याची गोष्ट इथे आठवते, गोड करून न सांगता. सालगडी पाडव्याला ठरायचा, पाडव्याला सुटायचा. त्यात उचल होती, उचलीपायी येणारी गुलामी होती, जात तर होतीच. पण साल ठरलं की पाऊस पडो न पडो, मधेच गड्याला घरी पाठवणं मालकाला शोभत नसे. चाकणच्या ठेक्यानं त्या सालातली लाचारी तेवढी उचलली आणि वर्षाची हमी सोडून दिली.

बरं, ज्या शेतीवर हा भार टाकायचा ती तरी धड आहे का? 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपासच सौदे होत होते. 2025 साल आणखी बोलकं. अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क 27 ऑगस्टपासून लावलं. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या नोकऱ्या जाणार, ही भीती खरी होती. त्या उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासूनच उठवलं आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे तिरुपूरच्या कपडे-कारखान्यांतली कपात टळावी म्हणून वेचणीच्या तोंडावर परभणीच्या कापसाचा भाव पणाला लावला. लगेच सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. कारखान्यातली नोकरी वाचवू नये असं कोण म्हणेल? पण तिची किंमत कोणाच्या खिशातून गेली, ते कुठेच लिहिलेलं नाही.

महाराष्ट्रानं एकदा याच्या नेमकं उलट केलं होतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 साली व्यवसाय कर लावला. 1977 चा हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तत्त्व साधं होतं. शहरात ज्याला पगार आहे त्यानं थोडं द्यावं, गावात ज्याला काम नाही त्याला ते मिळावं. खुद्द मुंबईच्या पगारदारानं कुरकुरत का होईना, ते दिलं.

तो कर आजही चालू आहे. ब्रेकवर आलेल्या पोराच्या मोबाइलमध्ये पगाराची स्लिप असते, ती उघडून पाहा. पीएफ, ईएसआयसी आणि 'पीटी 200', म्हणजेच व्यवसाय कर. हमीच्या कामासाठी काढलेला कर हमीच्या गावातला पोरगाच भरतोय! पण गावी आल्यावर तो हमीच्या कामावर जात नाही. 2025-26 मध्ये दर होता रोजचे 312 रुपये, मजुरी हातात कधी पडेल त्याचा नेम नाही, आणि आयटीआयचा फिटर मातीकाम करताना गावाला दिसला तर सुट्टीची गोष्ट उघडी पडते. पीएफ तो काढतो. ऑनलाइन सेंटरवर बसून नोकरी संपल्याची तारीख, ठेकेदारानं भरली नसेल तर, स्वतःच भरतो. त्या कपातीची ही एवढीच नोंद, आणि ती करणारा तो स्वतः. म्हातारपणाची पुंजी तेविसाव्या वर्षी हप्त्यात जाते.

राहिली ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा राज्य विमा. तिच्यात बेकारी भत्ता आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 साली आली. 2020 मध्ये भत्ता सरासरी पगाराच्या निम्म्यापर्यंत वाढवला, तोही जास्तीत जास्त 90 दिवस. अट अशी की काम सुटण्याआधी निदान दोन वर्षं विम्याच्या नोकरीत असायला हवं. ज्याची नोकरी दर सात महिन्यांनी तोडली जाते, त्याची दोन वर्षं भरणार कधी? या भत्त्याची खरी गरज ज्याला आहे तोच नेमका अटीत अडकतो. ठेकेदार बदलला तरी कामगाराचा विमा क्रमांक तोच राहतो. तेव्हा तुटक तुटक महिन्यांची बेरीज करून दोन वर्षं मोजायची ठरवली तर संगणकाला ते जड नाही. आणि जी कंपनी ब्रेकवर चालते तिच्याकडून विम्याचा हप्ता थोडा चढा घ्यावा. ज्या गाडीचे अपघात जास्त तिचा विमा महाग, हे गाड्या बनवणाऱ्यांना समजावून सांगायला नको. उद्योगाला हे परवडणार नाही, अशी ओरड होईल. आज ते ताडकळसच्या किराणा दुकानदाराला परवडतंय, तर उद्योगालाही परवडून बघायला हरकत नाही.