आधीं बसून हिशेब करा

शास्त्रपाठ : लूक 14:28-30



बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीं तर पाया घालून काम अर्धवट राहील व पाहणारे हंसतील, असा दृष्टांत प्रभूनें दिला. शिष्यत्वाची किंमत कळावी म्हणून तो सांगितला होता. परंतु बारावी झालेल्या मुलामुलींच्या आईबापांसही त्यांतील शहाणपणाची फार गरज आहे.

निकाल लागला म्हणजे घरांत आनंद होतो, आणि त्याच रात्रीं चिंताही येते. एक बाप मोठ्या शहरांतील कॉलेजाच्या नांवावर भुलून शेत गहाण टाकतो. दुसरा भिऊन मुलीचें शिक्षणच थांबवितो. एकास मोठेपणा नडला, दुसऱ्यास भय. परंतु बसून हिशेब दोघांनींही केला नाहीं.

तर हिशेब असा करा. खर्च एका वर्षाचा न धरतां सगळ्या वर्षांचा धरा, व फीमध्यें खोलीभाडें, खाणावळ, पुस्तकें आणि गाडीभाडें मिळवा. एकाच कॉलेजांत अनुदानित व विनाअनुदानित असे दोन्ही वर्ग असूं शकतात. अनुदानित वर्गाची फी पुष्कळ कमी असते, म्हणून जागा कोणत्या वर्गांत आहे तें आधीं विचारा. प्रवेशासाठीं देणगी घेण्यास महाराष्ट्रांत 1987 च्या कायद्यानें बंदी आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या घरचें वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ करण्याचा निर्णय सरकारनें 2024 सालीं केला. अशा सवलतींच्या अटी नीट वाचून घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरींतून वेळेवर काढून ठेवा.

जवळचें कॉलेज म्हणजे हलकें कॉलेज, असें समजूं नका. डॉ. भा. पां. हिवाळे यांनीं 1947 सालीं अहमदनगर कॉलेज काढलें, तें खेड्यापाड्यांतील मुलांस उच्च शिक्षण मिळावें म्हणूनच. जाहिरातीवर विश्वास न ठेवतां तेथें शिकलेल्यांस भेटा. शिक्षक वर्गावर येतात काय, प्रयोगशाळा चालते काय, हें विचारा. लेंकराची आवड व देवानें त्यास दिलेली बुद्धि कोणत्या विषयाकडे आहे, हेंही त्याच्याशीं बोलून पाहा. आणि 'कमवा व शिका' योजनेंत काम करण्याची त्यास लाज वाटूं देऊं नका. तंबू करून पोट भरण्याची लाज पौलास वाटली नाहीं.

उपदेशक बंधूंनो, पुष्कळ आईबापांस अर्जावरील भाषा कळत नाहीं. रविवारीं उपासना आटोपल्यावर अर्ज भरतां येणाऱ्या तरुणांस त्यांच्याजवळ बसवा. गरीब घरच्या मुलाच्या प्रवासखर्चाची वर्गणी मंडळीनें करावी.

हिशेब करणें म्हणजे देवावर अविश्वास दाखविणें नव्हे. जें लेंकरूं सावकाराच्या दारीं न जातां शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोंचतें, त्याचा बुरूज पुरा होतो.