शेजाऱ्याला ख्रिस्त सांगताना

धर्मांतर ही गोष्ट अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मिशनऱ्यांनी आणली असं समजणाऱ्यांनी या शहराचा जन्म आठवावा. शहर वसवणाऱ्या मलिक अहमदचे वडील पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले. लहानपणी ते बहमनी फौजेच्या हाती लागले आणि मुसलमान म्हणून वाढले. अहमदचा मुलगा बुरहान निजामशहा याने शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला, तेव्हा दरबारातल्या सुन्नी सरदारांनी बंड केलं. धर्म आणि गादी या गावात पहिल्यापासून एकत्र नांदत आली आहेत. 1803 साली इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि त्यानंतर तीस वर्षांच्या आत, 1831 मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं मांडलं. मिशनरी अमेरिकेचे होते, राज्यकर्ते इंग्रज होते. पण ऐकणाऱ्याला हा फरक कितीसा जाणवणार? राज्य साहेबाचं आणि हातात शास्त्र घेऊन उभा राहिलेलाही साहेबच.

त्या पिढीची प्रचाराची कल्पना सरळ होती: समोरच्याचं मत खोडून काढायचं, म्हणजे आपलं सत्य आपोआप उभं राहील. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1830 च्या दशकात हिंदू पंडितांशी, पारशांशी आणि मुसलमान विद्वानांशी जाहीर वाद घातले. नगरला 1839 साली ब्राह्मण घरातल्या हरी रामचंद्र खिस्तींचा बाप्तिस्मा झाला आणि 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं. त्या काळातलं मिशनचं बरंचसं लिखाण हिंदू वाचक डोळ्यांपुढे ठेवून झालेलं आहे. पुढे खेड्यापाड्यांतली महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येने मंडळीत आली, दुष्काळांनी तो ओघ वाढला आणि मिशनची सगळी शक्ती तिकडे गेली. त्यात काही चूक नव्हती. पण नगरचा मुसलमान मोहल्ला या सगळ्या हालचालीच्या बाहेर राहिला. मिशनरी मराठी शिकले, मराठीत गायले, मराठीत भांडले. मुसलमान घरातली बोली दखनी होती आणि धर्मशिक्षण उर्दू, फारसी, अरबीत होत होतं.

तरीही भाषा ही खरी अडचण नाही, असं मला दिवसेंदिवस वाटत गेलं आहे. हिंदू श्रोत्यासाठी येशूची कथा नवी होती. मुसलमानाच्या घरात येशू ईसा अलैहिस्सलाम या नावाने आधीच वस्तीला आहेत. कुराणातला एक संपूर्ण अध्याय मरियमच्या नावाचा आहे. ईसांचा कुमारीपोटी जन्म, त्यांचे चमत्कार, त्यांना मिळालेली इंजील हे सगळं तिथे आदराने येतं. नाकारल्या जातात त्या दोनच गोष्टी: ते देवाचे पुत्र होते ही, आणि ते क्रुसावर मरण पावले ही. आम्हा ख्रिस्ती लोकांचा विश्वास नेमका त्या दोन गोष्टींवर उभा आहे. ज्याला काही ठाऊक नाही त्याला सांगता येतं. ज्याला ठाऊक आहे, पण वेगळं ठाऊक आहे, त्याला सांगायला गेलं की आपण त्याचं आधीचं खोटं ठरवायला आलो आहोत, असंच त्याला ऐकू येतं. उलट तो आमच्या शास्त्रात फेरफार झाला आहे असं म्हणतो, तेव्हा आम्हालाही तसंच लागतं. या दोन श्रद्धांमधलं अंतर अनोळखीपणातून आलेलं नाही. ते जवळच्या नात्यातलं अंतर आहे, म्हणून बोलणं इतकं अवघड.

खंडनाची पद्धत कुठवर जाते हे आग्र्याला दिसलं. 1854 च्या एप्रिलमध्ये जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांच्यात दोन दिवस जाहीर वाद झाला. फांडर यांचं ‘मीजान-उल-हक’ हे पुस्तक तेव्हा नावाजलेलं होतं आणि आपला विजय होणार याची त्यांना खात्री होती. रहमतुल्लांचे साथीदार डॉ. वजीर खान यांनी मात्र युरोपातल्याच विद्वानांची बायबलची चिकित्सा अभ्यासून आणली होती. हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे फांडर यांना भर सभेत मान्य करावं लागलं. विषय पाच ठरले होते. वाद पहिल्या दोनांपलीकडे गेलाच नाही. तीन वर्षांत 1857 उसळलं, रहमतुल्ला मक्केला गेले आणि तिथे त्यांनी मदरसा काढला. त्यांचं ‘इजहार-उल-हक’ मुस्लिम जगात आजही वाचलं जातं. जिंकण्यासाठी मांडलेल्या सभेतून दोन्ही बाजूंना पुढच्या शंभर वर्षांची शस्त्रं मिळाली. ख्रिस्ताची ओळख किती जणांना झाली, हा प्रश्न त्या धुरळ्यात कुणी विचारला नाही.

नगरच्या मिशनमध्ये विचार बदलू लागला तो मुसलमानांशी झालेल्या वादातून नव्हे, पण त्याचा उपयोग इथे होतो. रॉबर्ट ॲलन ह्यूम मुंबईत जन्मलेले, आयुष्य नगरला घालवलेले; 1878 मध्ये इथली सेमिनरी त्यांनीच सुरू केली. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचं नावच गेलं नाही त्यांना मृत्यूनंतर देव संधी देणार नाही का, हा प्रश्न त्यांनी 1886 मध्ये अमेरिकेत मोकळेपणाने मांडला, तर मिशन बोर्डाने त्यांना भारतात परत पाठवायलाच नकार दिला. वर्षभराच्या वादानंतर ते परतले. या प्रसंगाकडे लोक पाश्चात्त्य चर्चची अंतर्गत भानगड म्हणून पाहतात. मला त्यात नगरचा हात दिसतो. रोज हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांमध्ये वावरणाऱ्या माणसाला ‘हे सगळे नरकात’ असं म्हणणं जड जाणारच. आणि ज्याच्या डोक्यातून ती भीती उतरली, त्याचा समोरच्याशी बोलण्याचा सूर बदलतो.

पुढचं पाऊल रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. 1895 साली ख्रिस्ती झालेले टिळक नगरला राहिले, तिथे शिकवलं आणि तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता येतं हे अभंगांतून दाखवलं. शेवटी 1917 मध्ये मिशनपासून वेगळे होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मराठी ख्रिस्ती विचारातली ही सर्वांत धाडसी गोष्ट आहे असं मी मानतो. पण टिळकांची वाट भक्तीची, अभंगाची, वारकऱ्याची. मोहल्ल्यातल्या माणसासाठी तशी वाट कुणी शोधली नाही.

आणि साहित्य तर जिल्ह्यातच पडलेलं होतं. श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. मुसलमान घरातल्या या संताने सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला आणि तिथल्या त्यांच्या स्थानावर हिंदूही माथा टेकतात, मुसलमानही. पैठण नगरच्या शिवेपलीकडे. तिथे एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघे एकमेकांची उणीदुणी मनसोक्त काढतात आणि शेवटी एकमेकांना ओळखतात. कुणी कुणापासून लपवाछपवी करत नाही, कुणी भेद नाहीत असं खोटं सांगत नाही. आग्र्याच्या सभेला जे जमलं नाही ते मराठीत अडीचशेहून जास्त वर्षं आधी लिहून झालं होतं. आमच्या सेमिनऱ्यांनी तुकाराम वाचला. शेख महंमद वाचायला हवे होते, ते राहून गेलं.

एक माणूस मात्र ख्रिस्त आणि महंमद दोघांकडेही प्रेमाने पाहत होता. नगरच्या मिशनमधल्या सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला पाहिली आणि त्यातून पुण्याच्या शाळेची प्रेरणा घेतली, हे सर्वांना माहीत आहे. जोतीरावांनी पैगंबरावर काव्य लिहिलं हे कमी जणांना माहीत असतं. आणि 1891 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही. हे वाचून अनेक ख्रिस्ती गोंधळतात; मग सांगायचं कशासाठी, असं विचारतात. पण त्या घरात प्रत्येकाने ग्रंथ वाचून, स्वतः ठरवून धर्म घेतला आहे. म्हणजे तिथे सांगणं, ऐकणं आणि पटणं हे सगळं झालेलं आहे. नाही ती फक्त सक्ती.

जगभरच्या चर्चला हे कळायला वेळ लागला. 1906 साली कैरोला आणि 1911 मध्ये लखनौला मुसलमानांमध्ये प्रचार कसा करावा यावर मिशनऱ्यांच्या परिषदा भरल्या, तिथली भाषा अजून मोहिमेची होती. 1930 मध्ये लाहोरला हेन्री मार्टिन स्कूल निघालं ते मिशनऱ्यांना इस्लाम शिकवण्यासाठी. गावोगाव फिरत ती संस्था शेवटी हैदराबादला स्थिरावली आणि आज ती धर्मांमधल्या सलोख्याचं काम करते. इस्लामचा अभ्यास करता करता उद्देशच बदलावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने मुसलमानांविषयी आदराने लिहिलं. 2007 मध्ये 138 मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती पुढाऱ्यांना पत्र पाठवून देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम हा दोघांचा समान पाया म्हणून पुढे ठेवला. या वेळी बोलावणं त्या बाजूने आलं.

सलोखा हवाच. पण सलोख्यासाठी ख्रिस्ताबद्दल गप्प बसावं, हे मला मान्य नाही. जो माझा तारणारा आहे त्याच्याविषयी शेजाऱ्याला काहीच सांगायचं नाही, यात त्या शेजाऱ्याचाही मान राहत नाही. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रचाराचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादाही सांगितली, की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ख्रिस्ती माणसाने ही मर्यादा नाइलाजाने नव्हे, मनापासून स्वीकारावी. साक्ष देणं आपल्या हातात आहे. पुढचं देवाच्या आणि त्या माणसाच्या हातात.

ऐकणाऱ्याला काय किंमत पडते तेही बघायला हवं. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा 1850 मध्ये झाला, तो 2018 पर्यंत लागू होता. पण भावाने बोलणं टाकलं, जमातीने लग्नाला येणं बंद केलं, तर कायदा काय करणार? आणि तो माणूस ज्या मंडळीत येईल तिथे सोयरीक अजून जुन्या जातीच बघून होत असेल, तर त्याच्या मुलांची लग्नं कुठे होतील? स्वतःचं घर असं असताना दुसऱ्याला घर सोडून ये म्हणणं मला पाप वाटतं.

आज नगर जिल्ह्यात ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही अल्पसंख्य आहेत, दोघांच्याही पाठीशी गादी नाही. बुरहान निजामशहाच्या काळात ही स्थिती नव्हती, साहेबाच्या राज्यातही नव्हती. आता बोलणारा आणि ऐकणारा एकाच पातळीवर बसू शकतात. म्हणून नगरच्या मंडळ्यांना आणि पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे. कुराणाचे मराठी अनुवाद मिळतात, ते पूर्ण वाचा. श्रीगोंद्याला जाऊन या. शेजाऱ्यावर संकट आलं तर पहिले धावा, आणि त्या मदतीच्या बदल्यात काही मागू नका. त्याने विचारलं तर क्रूस आणि पुनरुत्थान यांतलं काही गाळू नका. आणि तो आपल्या विश्वासाबद्दल सांगू लागला की मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐका.