पहिला क्षण आणि दुसरी सकाळ

स्वयंपाकघरातला दिवा लावला की ओट्याखालचा उंदीर जागच्या जागी थिजायचा. "बघ, कसं सोंग घेतंय!" मी म्हणायचे. जीवशास्त्र शिकणारी भाची एकदा म्हणाली, "मावशी, सोंग नाही गं ते. त्याचा मेंदू तसं करायला लावतो."

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग असतो. २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना डोक्यावर मोठी मोठी होत जाणारी काळी सावली दाखवली, घार झेपावावी तशी. थॅलॅमसच्या मधल्या पट्ट्यात त्यांना दोन पेशीसमूह दिसले. एकाची वाट भीतीशी जोडलेल्या अमिग्डलाकडे जाते. ती चेतवली की उंदीर थिजतो. दुसऱ्याची वाट मेंदूच्या पुढच्या भागाकडे. ती चेतवली की तोच उंदीर शेपूट आपटून दटावतो.

ऐकलं आणि मला धाकट्या जाऊबाई आठवल्या. लग्नानंतर दोनच वर्षांनी पेटीतले पैसे कमी भरले, आणि मामंजींनी चारचौघांत त्यांच्यावर आळ घेतला. ते पैसे सासूबाईंनी माझ्यासमोर दूधवाल्याला दिले होते. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पाय जमिनीला खिळले. त्या दिवसापासून मी स्वतःला भित्री म्हणत आले.

मग काय, सगळा दोष पेशींचा? हे उत्तर सोयीचं आहे खरं. आपल्याकडे भयसंज्ञा साऱ्या संसारी जीवांना सांगितलीच आहे; मुंगीलाही ती सुटलेली नाही. म्हणून त्या क्षणी थिजले, याचं पाप मी आता मोजत नाही. दुसऱ्या कुणी थिजलं तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकारही मला नाही.

पण दुसरी सकाळ उजाडली होती ना! तेव्हा डोक्यावर सावली नव्हती. मामंजी शांतपणे चहा पीत होते. तेव्हाही मी बोलले नाही. घरात पुन्हा वाद नको, असा विचार करून गप्प बसले. तो विचार माझा होता. पहिला क्षण देहाचा असेल, पण दुसरी सकाळ माझीच.

परवा जाऊबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, अक्का. तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होते."

उंदराचं म्हणाल, तर आता दिवा लावला की मी दारातच थांबते. त्याला जायला वेळ देते.