पगारातला मोकळा भाग

पगाराच्या तीन वाटण्या करायच्या, निम्मा गरजांना, तीस टक्के हौसेमौजेला आणि वीस टक्के बचतीला, हे सूत्र पुण्या-मुंबईत पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींना आता तोंडपाठ असतं. ते आलं कुठून, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. एलिझाबेथ वॉरन पुढे अमेरिकेच्या सिनेटर झाल्या, पण मूळच्या त्या कायद्याच्या प्राध्यापिका आणि दिवाळखोरी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मुलगी अमेलिया वॉरन त्यागी हिच्याबरोबर त्यांनी २००५ साली ‘ऑल युअर वर्थ’ हे पुस्तक लिहिलं, त्यातलं हे सूत्र. त्याच्या दोन वर्षं आधी याच मायलेकींचं ‘द टू-इन्कम ट्रॅप’ आलं होतं. कर्जात बुडालेली मध्यमवर्गीय कुटुंबं उधळी होती म्हणून बुडाली, हा समज त्या पुस्तकाने खोडून काढला. नवरा-बायको दोघं कमावणारं नव्या काळातलं घर कपड्यांवर आणि खाण्यावर सत्तरच्या दशकातल्या एकाच्या पगारावर चालणाऱ्या घरापेक्षा कमी खर्च करत होतं. त्याला बुडवलं ते घराच्या हप्त्याने, विम्याने, दुसऱ्या गाडीने, मुलांच्या शिक्षणाने. म्हणजे महिना उजाडण्याआधीच ठरून गेलेल्या खर्चांनी.

त्यामुळे पन्नास टक्के या आकड्याचा मूळ अर्थ ‘गरजांसाठी निम्मा पगार वापरा’ असा नाही. नोकरी गेली तरी टळणार नाहीत असे खर्च निम्म्याच्या वर चढू देऊ नका, असा तो इशारा आहे. आपल्याकडे येईपर्यंत इशारा गळून पडला आणि कोष्टक उरलं. त्यात उपदेशाची भर पडली: बाहेरची कॉफी बंद करा, घरी डबा करा, ओटीटीचं सबस्क्रिप्शन काढून टाका, उरलेल्याची म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू करा. म्हणजे ज्या समजाविरुद्ध वॉरनबाईंनी पुस्तक लिहिलं, तोच समज त्यांच्याच सूत्राच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला.

एक हिशोब मांडून पाहू. समजा, लातूरकडची एक मुलगी हिंजवडीत कामाला आहे आणि तिच्या हातात महिना ४८,००० रुपये पडतात. (ऑफर लेटरवरचा आकडा बराच मोठा होता, कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मिळाला तर मिळेल असा बोनस, सगळं त्यात धरलेलं असतं.) वाकडच्या फ्लॅटमधला तिचा वाटा ११,०००. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ९,५००. घरी ८,००० पाठवते. मेस ४,५००. स्कूटीचा हप्ता ३,८००, फोनचा २,७००, आणि ओळखीतल्या काकांकडून घेतलेल्या विमा पॉलिसीचे वर्षाचे ३६,०००, म्हणजे महिना ३,००० धरा. बेरीज ४२,५००. पगाराचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पहिल्या आठवड्यातच दुसऱ्यांचा झालेला असतो. राहिलेल्या साडेपाच हजारांत तिने महिन्यातून आठ वेळा दोनशेची कॉफी प्यायली, तर सोळाशे होतात. सल्ला देणाऱ्याची सगळी नजर त्या सोळाशेवर असते.

या मुलीला बारा टक्के परतावा मिळाला काय आणि सात टक्के मिळाला काय, पुढच्या चार-पाच वर्षांत तिच्या आयुष्यात त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पगारातला मोकळा भाग किती, याने. मोकळा म्हणजे नुसता शिल्लक राहिलेला नव्हे. नको ती नोकरी सोडता येईल, वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं तर कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, घरमालकाने दोन महिन्यांत जागा सोडायला सांगितली तर नवी अनामत भरता येईल, अशा कामाचा पैसा. तरुणांना द्यायच्या आर्थिक सल्ल्याचा हाच मुख्य विषय असायला हवा असं माझं मत आहे. तसा तो नाही, याचं कारण सरळ आहे. पगार बांधून घेणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे कोणी तरी विकणारा असतो आणि त्याला त्यात काही मिळतं. पैसा मोकळा ठेवण्यात कोणालाच काही मिळत नाही.

विम्याचं पाहा. वर्षानुवर्षं जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसातून ‘प्रूफ’ मागितलं जायचं, प्राप्तिकराच्या कलम ८०सी खाली दीड लाख दाखवायची घाई व्हायची आणि त्या घाईत वीस-वीस वर्षांच्या एन्डॉवमेंट पॉलिसी गळ्यात पडायच्या. आता नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात ८०सी ची वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं वार्षिक उत्पन्न करमुक्त झालं आहे. म्हणजे बहुतेक तरुणांपुरतं तरी त्या पॉलिसीचं सर्वांत मोठं कारण संपलं. पॉलिसी मात्र संपत नाही. मधेच सोडली तर भरलेल्यातला मोठा हिस्सा जातो, चालू ठेवली तर हाती सहसा पाच-सहा टक्के पडतात, आणि विम्याचं संरक्षण म्हणून पाहावं तर रक्कम इतकी तुटपुंजी की घरच्यांचं फार काळ भागू नये. पंचविशीतल्या निरोगी माणसाला एक कोटीचा निव्वळ टर्म विमा याच्या एका लहानशा हिश्शात मिळतो. त्या मुलीप्रमाणे आपल्या कमाईवर कोणी अवलंबून असेल तर तो घ्यावा, नसेल तर घाई नाही. पण टर्म विम्यात काकांचं कमिशन किरकोळ असतं आणि काका तर लग्नाकार्याला येणारे. नकार देणं पैशापेक्षा नात्याला महाग पडतं. आपल्याकडची विमा-विक्री या संकोचावर उभी आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

हप्त्यांची गोष्ट याहून सोपी, पण जास्त फसवी. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं. व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेलं असतं, किंवा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला नाकारलेली असते. तरी दुकानांवर ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या पाट्या आहेतच. क्रेडिट कार्डाचं गणित तर एकदा कागदावर करून पाहावं. थकबाकी ६०,००० आणि व्याज महिना साडेतीन टक्के, तर महिन्याचं व्याज २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. पाच टक्के ‘मिनिमम ड्यू’ म्हणून तुम्ही ३,००० भरलेत तर मुद्दल ५२२ रुपयांनी कमी झालं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डाच्या व्याजाला ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. ज्याच्या कार्डावर अशी बाकी आहे, त्याने एसआयपी सुरू करणं म्हणजे बेचाळीस टक्क्यांनी काढून बारा टक्क्यांच्या आशेवर लावणं. आधी कार्ड फेडावं, हा सल्ला इतका साधा आहे की तो देऊन कोणाचं पोट भरत नाही.

आणि घर. ‘भाडं म्हणजे वाया गेलेले पैसे’ हे वाक्य मराठी घरांत आईवडील, सासूसासरे आणि बिल्डर एकाच सुरात म्हणतात. पुण्याच्या कडेला सत्तर लाखांचा फ्लॅट घेतला, तर चौदा लाख हातचे घालावे लागतात, सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४,९०,००० वेगळं. उरलेल्या ५६ लाखांचं साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता ४८,६०० च्या आसपास जातो. त्यातले पहिल्या महिन्यात ३९,६०० च्या वर नुसतं व्याज. तसाच फ्लॅट भाड्याने वीस-बावीस हजारांत मिळत असेल, तर पहिली काही वर्षं बँकेला दिलेलं ‘भाडं’ घरमालकाच्या भाड्याच्या पावणेदोनपट होतं. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस बंगळूरहून आलेली चांगली ऑफर नाकारतो, साहेबाची बोलणी मुकाट ऐकतो, तिसऱ्या तिमाहीत लोक कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली की त्याची झोप जाते. कोणत्याही कॅल्क्युलेटरमध्ये हा खर्च धरलेला नसतो.

पण हा युक्तिवाद इथेच संपवला तर तो एकट्या पुरुष अभियंत्याच्या सोयीचा होईल. भाड्याने राहणं सगळ्यांना सारखं स्वस्त नाही. अकरा महिन्यांचा करार, ‘बॅचलर नकोत’, ‘फक्त शाकाहारी’, आडनाव ऐकून बदललेला सूर, एकट्या बाईकडे कोण येतं-जातं यावर सोसायटीची नजर. हे ज्याच्या वाट्याला येतं त्याच्यासाठी स्वतःचं घर ही गुंतवणूक नसतेच. दर वर्षी सामानासकट होणाऱ्या अपमानातून ती सुटका असते, आणि त्यासाठी कोणी पावणेदोनपट मोजत असेल तर त्याचा हिशोब चुकला असं मी म्हणणार नाही. आपण कशासाठी मोजतो आहोत हे ओळखून त्याने मोजावं आणि घराची किंमत वाढेलच या भरवशावर मोजू नये, एवढंच.

घरी पाठवायच्या पैशांबद्दलही हेच. इंग्रजी सल्ल्याच्या कोष्टकात त्याला रकानाच नाही. तो गरज नाही, हौस नाही, बचतही नाही. मला तो या तिन्हींपेक्षा वेगळा आणि बऱ्याचदा शहाणपणाचा वाटतो, कारण नोकरी गेली तर परत जायला जागा आणि वर्षाचं धान्य त्याच घरातून येणार असतं. मात्र दर महिन्याच्या आठ हजारांपेक्षा मोठी जोखीम तिथे वेगळीच आहे: आईवडिलांचं आजारपण. शहरातल्या मुलामुलींची साठवण सर्वांत जास्त वेळा याच एका घटनेने धुऊन निघताना मी पाहिली आहे. कंपनीच्या ग्रुप विम्यात आईवडिलांना घेता येतं का, हे पहिल्या दिवशी एचआरला विचारावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं छत्र पाच लाखांपर्यंत वाढलं आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान भारतचं कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतं. कार्ड आधी काढून ठेवावं, कारण दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून ते काढायला गेलं की नेमकं आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही.

पैसा मोकळा ठेवा म्हटलं की एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मोकळा पैसा खर्च होऊन जातो. बांधून टाकलेला तेवढा उरतो. आमच्या आधीच्या पिढीने पॉलिसी, पोस्टातलं आरडी, सोन्याची पाटली यांत पैसा अडकवला तो मूर्खपणाने नव्हे, स्वतःच्या हाताची ओळख होती म्हणून. पण सगळी बंधनं सारखी नसतात. बँकेची एफडी मोडली तर व्याजात टक्काभर फटका बसतो. एसआयपी तर वाटेल तेव्हा थांबते; तिचा खरा गुण तो आहे आणि जाहिरातीत तो कधी नसतो. भिशी तर फारच हुशारीची गोष्ट: दर महिन्याला चारचौघींत भरावं लागतं, चुकवली तर लाज जाते, पण कोणाला नड असली की सगळ्यांच्या संमतीने तिची उचल आधी होते. आयत्या वेळी सुटणारी गाठ बांधायला हरकत नाही. पॉलिसी आणि वीस वर्षांचं कर्ज यांची गाठ तशी सुटत नाही.

सहा महिन्यांचा बांधील खर्च हाताशी ठेवा, असं सगळेच सांगतात. कुठे ठेवा, यावर आपल्या भागात जरा बोलायला हवं. मराठी माणसाचा सहकारी बँकेवर आणि पतसंस्थेवर जीव, कारण मॅनेजर ओळखीचा आणि व्याज अर्धा-एक टक्का जास्त. पीएमसी या सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार तर २०१३ पासून वर्षानुवर्षं ताटकळले. आता ठेव विमा बँकेमागे पाच लाखांचा आहे आणि तो सहकारी बँकांनाही लागू आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. अडीअडचणीचा पैसा अर्ध्या टक्क्यासाठी तिथे ठेवू नये.

बांधील खर्चांनी आवळलेला माणूस काय करतो, याची एक खूण सेबीच्या आकड्यांत दिसते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्यांपैकी ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. व्यवहार करणाऱ्यांतलं तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. याला नुसती हाव म्हणणं मला पटत नाही. महिना साडेपाच हजार मोकळे राहणाऱ्याला बारा टक्क्यांनी वीस वर्षांत काय होईल ते ऐकवलं, तर त्याला त्यात स्वतःचं आयुष्य बदलताना दिसत नाही. एका दुपारी पाचाचे पन्नास होतील असं सांगणारा रील मग खरा वाटतो.

वॉरनबाई सल्ल्यावर थांबल्या नाहीत. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी जे स्वतंत्र खातं उभं राहिलं, त्याची कल्पना त्यांची. आपल्याकडेही थोडंफार घडतं आहे: ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर एका पानावर लिहून देणं बंधनकारक झालं, क्रेडिट कार्डाला मात्र त्यातून वगळलं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी असं आहे. पण तो नमुना कायदा; स्वीकारायचा की नाही ते राज्यांवर सोडलेलं. तोवर मुंबईत खोली शोधणारा बाविशीतला मुलगा दलालाला एका महिन्याचं भाडं देतो, घरमालकाला तीन-चार महिन्यांची अनामत देतो, आणि त्यासाठी फोनवरच्या ॲपमधून पहिलं कर्ज काढतो. पहिला पगार यायला अजून तीन आठवडे असतात.